२६/११ला मी तिकडे नव्हते, मग बोलू का?

«ताई, नमस्कार.

मी मूळची गिरगावची, ठाकूरद्वारजवळच्या चाळीत वाढलेली. लग्नानंतर २००५ साली न्यू जर्सीला आले. २६ नोव्हेंबर २००८ला बुधवार होता आणि दुसऱ्या दिवशी थँक्सगिव्हिंगची सुट्टी, त्यामुळे ऑफिस अर्धं रिकामं होतं. अकराच्या सुमारास शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, "तू मुंबईची ना? तिकडे काहीतरी चाललंय." तेव्हापासून आईचा फोन लागेना. दुपार टळून गेल्यावर एकदाचा लागला, तर ती कुजबुजत म्हणाली, "दार लावलंय, दिवे घालवलेत. तू ठेव फोन." पुढचे दोन-अडीच दिवस मी टीव्हीसमोरून उठले नाही. आई २०१६ मध्ये गेली. पण नोव्हेंबर सरत आला की अजून जीव कासावीस होतो.

गेल्या वर्षी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी मेणबत्तीच्या फोटोसोबत मोठा मजकूर टाकला, "मुंबईकर कधीच झुकला नाही, हेच ते मुंबई स्पिरिट" असं काहीसं. त्यावर सँडहर्स्ट रोडला राहणाऱ्या एका मैत्रिणीने लिहिलं, "तू तिकडे टर्की कापत होतीस, तुला काय कळणार?" बाकी कोणी चकार शब्द काढला नाही. मी ग्रुप सोडला.

आता इथल्या रविवारच्या मराठी शाळेने मोठ्या मुलांसमोर २६/११बद्दल बोलायला बोलावलंय. माझी चौदा वर्षांची लेकही त्याच वर्गात आहे. ती विचारते, "आई, पण तू तर तिथे नव्हतीस ना?" मला बोलायचा हक्क आहे का? आणि नेमक्या त्याच दिवसांत घरी पाहुणे, जेवणावळ, हसणंखिदळणं असतं, त्याचंही मन खातं.

– गिरगावची, मुक्काम न्यू जर्सी»

नमस्कार.

बोला. शाळेला हो म्हणा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जिवाला घोर नको.

आता हक्काचं. त्या रात्री मुंबईत असलेल्या बहुतेक माणसांनीही २६/११ पाहिलं ते टीव्हीवरच. सीएसटी, लिओपोल्ड कॅफे, कामा रुग्णालय, ताज, ओबेरॉय-ट्रायडंट, नरिमन हाउस ही सगळी ठिकाणं शहराच्या दक्षिण टोकाला आहेत. विलेपार्ले आणि माझगावला टॅक्सीत स्फोट झाले, तेवढे सोडले तर बोरिवली-मुलुंडचा माणूस तुमच्यासारखाच पडद्याकडे बघत बसला होता. मुंबईबाहेर होता म्हणून आठवायचा हक्क नाही असं म्हटलं, तर अर्ध्या मुंबईचाही तो हक्क जाईल.

शिवाय तुमचं घर किती जवळ होतं ते बघा. रात्री साडेबाराच्या सुमारास सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना कसाबची एके-४७ धरून ठेवली, अंगावर गोळ्या घेतल्या आणि तो जिवंत सापडला. ही गोष्ट गिरगाव चौपाटीवरची आहे. तुमच्या चाळीतून तिथे पायी जाता येतं. तुमच्या आईने दिवे घालवले होते ते उगाच नव्हे.

दूर राहून सोसणारे तुम्ही परदेशातलेच होता असंही नाही. एकूण १६६ माणसं गेली, त्यातली पन्नासहून अधिक सीएसटीला. त्यातले कितीतरी लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट बघत सामानाशेजारी बसलेले प्रवासी होते, उत्तर प्रदेश-बिहारकडे निघालेले. एकाच घरातली अनेक माणसं गेली. गावाकडे त्यांची वाट पाहणाऱ्या घरांनीही ती रात्र दुरूनच काढली, आणि त्यांच्यातल्या अनेकांना नंतर आलेला फोन तुमच्यासारखा सुटकेचा नव्हता. किल्लारीच्या भूकंपातही असंच झालं होतं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चारच्या आत, घरं खचली आणि पोटासाठी पुण्या-मुंबईत आलेल्या लातूर-उस्मानाबादच्या माणसांना ती बातमी सकाळी रेडिओवर ऐकावी लागली. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. गाडी पकडून गावी पोचेपर्यंत त्यांनी काय सोसलं असेल ते त्यांनाच ठाऊक. त्यांना कोणी "तू तर तिथे नव्हतास" असं म्हटलं असेल असं मला वाटत नाही.

माझ्याकडचंही थोडं सांगते, कारण मी फोनच्या दुसऱ्या टोकाला होते. आम्ही तेव्हा डोंबिवलीला होतो. हे फोर्टातल्या ऑफिसातून निघालेले, मोबाइल लागत नव्हता, टीव्हीवर सीएसटीला गोळीबार झाल्याची पट्टी धावत होती. सासूबाई देवापाशी बसलेल्या. अशात घरचा फोन वाजला की मी झडप घालायची, आणि पलीकडून टोरांटोची धाकटी बहीण, "भावजी आले का?" दोनदा नीट उत्तर दिलं. मग मात्र तिच्यावर ओरडले, "ठेव तो फोन! ह्यांचा आला तर लागायचा नाही." तिने ठेवला आणि पुन्हा केला नाही. हे मध्यरात्र उलटल्यावर घरी आले. त्या गडबडीत तिला कळवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. ते तिला कळलं दुसऱ्या दिवशी, तिसऱ्याच कोणाकडून.

पुढे कितीतरी वर्षं मी त्या रात्रीची हकीकत सांगायची त्यात बहीण एवढीच असायची, सारखा फोन करणारी. मग एकदा ती भारतात आली असताना तिच्या बाजूने सगळं सांगितलं. फोन ठेवल्यावर ती कोट घालून घराबाहेर पायऱ्यांवर जाऊन बसली होती, कारण घरात बसवेना आणि कोणाला फोनही करता येईना. मला त्या रात्री निदान चहा तरी करता येत होता, सासूबाईंचा हात धरता येत होता, गॅलरीत जाऊन रस्त्याकडे बघता येत होतं. तिच्या हाताला काहीच काम नव्हतं. दूर असणाऱ्याच्या वाट्याला जे येतं ते हे. माझ्यापेक्षा कमी की जास्त, हे मी मोजत बसणार नाही, पण ते खरं आहे एवढं मी छातीवर हात ठेवून सांगेन.

तेव्हा तुमच्या पत्रातला तुमचा स्वतःचा भाग कोणता, तर न लागणारा फोन आणि आईचं ते कुजबुजणं. तेवढं तुम्ही कुठेही, कोणासमोरही निर्धास्त सांगा. मात्र ग्रुपवरच्या मजकुरात नेमकं तेच नव्हतं. त्यात होतं मुंबई स्पिरिट. आणि इथे मला तुमच्या मैत्रिणीची बाजू घ्यावीशी वाटते.

मुंबईतल्या माणसाला त्या स्पिरिटचा किती उबग आलाय हे दुरून कळणं कठीण आहे. १९९३चे बॉम्बस्फोट, २००६चे लोकलमधले स्फोट, मग २६/११. दर वेळी लोक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाडीला लटकून कामावर गेले, आणि दर वेळी त्याचं कौतुक झालं. त्यातले बरेच जण गेले कारण खाडा झाला तर पगार कापला जातो. पोटात भीतीचा गोळा घेऊन मशीद बंदर, सँडहर्स्ट रोडवरून रोज जा-ये करणाऱ्या बाईला, शूरपणाचं प्रशस्तिपत्र आयतं हातात आलं की ते झोंबतं. तिचं बोलणं लागट होतं, मान्य. चारचौघांत बोलायला नको होतं, तेही मान्य. पण मला वाटतं, तिला तुमचं दूर असणं खुपलं नसावं. तिच्या वतीने तुम्ही परस्पर "झुकलो नाही" म्हणून टाकलंत, ते खुपलं.

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट मला दिसली नाही. तुमच्या या मैत्रिणीने ती रात्र कुठे काढली? सीएसटीपासून लोकलने दुसरं स्टेशन तिचं. घरातलं कोणी बाहेर होतं का, तिने काय ऐकलं, काय पाहिलं, नंतर किती दिवस झोप लागली नाही, यातलं तुम्हाला काही ठाऊक आहे का? पत्र एवढं मोकळेपणाने लिहिलंत त्यावरून वाटतं, ठाऊक असतं तर लिहिलं असतंत. तेव्हा तिला फोन करा. ग्रुपवर परत जाऊन उत्तर देऊ नका, मेसेजही नको, फोनच. "तुझ्या बोलण्याचं वाईट वाटलं, पण मी तुला कधी विचारलंच नाही, तू त्या रात्री कुठे होतीस?" एवढं म्हणा आणि ऐकत राहा. मध्येच "आमच्याकडे पण ना" असं सुरू करू नका. तुमचं सांगायची वेळ येईल, कदाचित त्याच फोनवर येईल, कदाचित वर्षाने. आणि ती म्हणाली की मला त्यावर बोलायचं नाही, तर तिथेच थांबा आणि मुलं काय करतात ते विचारा.

हे विचारणं महत्त्वाचं आहे त्याचं कारण टीव्ही. तुम्ही दोन-अडीच दिवस काय पाहिलंत? ताजच्या घुमटातून निघणारा धूर, ट्रायडंटच्या खिडक्या, नरिमन हाउसच्या गच्चीवर उतरणारे कमांडो. कारण कॅमेरे तिथे उभे होते आणि वेढा शनिवारी सकाळपर्यंत, तुमच्याकडच्या शुक्रवार रात्रीपर्यंत चालला. सीएसटीचा संहार मात्र कॅमेरे नीट पोचायच्या आत उरकला होता. सगळ्यात जास्त माणसं जिथे गेली तेच टीव्हीने सगळ्यात कमी दाखवलं. (त्या थेट प्रक्षेपणामुळे दहशतवाद्यांच्या सूत्रधारांना आतली-बाहेरची माहिती मिळत राहिली, यावरून सर्वोच्च न्यायालयाने २०१२च्या निकालात वाहिन्यांना खडसावलं. तेही वाचण्यासारखं आहे.) त्यामुळे दुरून पाहिलेल्या माणसाची आठवण आपोआप ताजभोवती फिरते. दर नोव्हेंबरात यूट्यूबवर तीच दृश्यं पुन्हा बघत असाल तर ती बघणं बंद करा. त्याने कासाविशी वाढते आणि नवीन काही कळत नाही. टीव्हीत जे नव्हतं ते शोधा, वाचा, विचारा. माझ्या मते, दूर असणाऱ्याने करण्यासारखं काम हेच आहे, आणि तुमचं मुलांसमोरचं बोलणंही त्यातूनच उभं राहील.

मुलांना ताजपासून सांगायला सुरुवात करू नका. सीएसटीपासून करा. तिथे विष्णू झेंडे नावाचे उद्घोषक होते, लोकलच्या घोषणा करणारे. गोळीबार सुरू झाला हे केबिनमधून दिसल्यावर ते खाली दडून बसले नाहीत. माइकवरून प्रवाशांना सांगत राहिले, इकडे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. त्यांच्या केबिनवरही गोळ्या झाडल्या गेल्या. रोज "पुढील गाडी" म्हणणारा ओळखीचा आवाज, त्याने त्या रात्री किती जणांचा जीव वाचवला याची मोजदाद नाही. मुंबईत वाढलेल्या तुम्हाला त्या घोषणांचा सूर पाठ असेल. मुलांना तो करून दाखवा. त्यांच्या डोळ्यांसमोर स्टेशन उभं राहील.

तिथेच नऊ वर्षांची देविका रोटावन वडिलांबरोबर पुण्याची गाडी पकडायला आली होती. तिच्या पायाला गोळी लागली. पुढे कुबडी घेऊन ती न्यायालयात गेली आणि कसाबला ओळखलं. तुमच्या वर्गातल्या मुलांपेक्षाही ती लहान होती.

मग कामा रुग्णालय. ते बायका-मुलांचं सरकारी रुग्णालय. अंजली कुलथे या परिचारिका रात्रपाळीला होत्या. दोन दहशतवादी आत शिरल्याचं कळताच त्यांनी वॉर्डातल्या वीस गरोदर बायकांना पॅण्ट्रीत नेऊन दडवलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला भिंतीच्या कडेकडेने धरून प्रसूतिकक्षापर्यंत नेलं. बाहेर गोळ्या चालू होत्या आणि आत बाळ जन्माला आलं. डिसेंबर २०२२ मध्ये कुलथे यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर व्हिडिओवरून हे सगळं सांगितलं. ती परिषद भरते न्यूयॉर्कला, तुमच्या मुलांना नदीपलीकडे दिसतं तिथे. त्याच कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले, हे सांगायचं राहू देऊ नका.

ओंबळ्यांबद्दल सांगताना त्यांचं गाव सांगा, साताऱ्याकडचं केडंबे. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. आणि एक गोष्ट मुलांना नक्की आवडेल. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला संशोधकांनी २०२१ मध्ये त्यांचं नाव दिलं, आयसियस तुकारामी. एखादं मूल नक्की घरी जाऊन त्याचं चित्र शोधेल.

तुमच्या शेजारचीच एक गोष्टही आहे. नरिमन हाउसमध्ये मारले गेलेले गॅव्रिएल होल्त्झबर्ग ब्रुकलिनमध्ये वाढलेले होते. त्यांची पत्नी रिव्का हीही गेली. त्यांचा दोन वर्षांचा मोशे वाचला, कारण सँड्रा सॅम्युएल ही त्याला सांभाळणारी बाई त्याला छातीशी धरून बाहेर पळाली. मृतांत सहा अमेरिकन नागरिक होते. म्हणजे तुम्ही टीव्हीसमोर बसला होता तेव्हा तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर दुसरं एक घर फोनची वाट बघत बसलं होतं, मुंबईच्याच.

मुलं विचारतील, कोणी केलं आणि का? गोलगोल बोलू नका. लष्कर-ए-तोयबाने पाकिस्तानात तयार केलेले दहा जण समुद्रावाटे आले, "कुबेर" ही गुजरातची मासेमारी नौका पळवून, तिच्यावरच्या माणसांना मारून, हे सरळ सांगा. वर्गात कोणाची शाळेतली जवळची मैत्रीण पाकिस्तानी असेल, मुसलमान असेल. म्हणून पुढचंही त्याच दमात सांगा. सीएसटीला मेलेल्यांत मुसलमान कुटुंबं होती. आणि मेलेल्या नऊ दहशतवाद्यांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा द्यायला तिथल्या मुस्लिम विश्वस्तांनी साफ नकार दिला. ते मृतदेह वर्षभराहून अधिक काळ जे. जे.च्या शवागारात पडून होते. मुलांच्या मनात राग येणारच, तो कोणावर काढायचा नाही हे त्यांना यातून आपसूक कळेल.

कसाबची फाशी आली की टाळ्या पडतील असं सांगू नका. खटला कसा चालला ते सांगा. त्याला वकील दिला गेला, साक्षीपुरावे झाले, मे २०१०ला विशेष न्यायालयाने शिक्षा सुनावली, उच्च न्यायालय झालं, सर्वोच्च न्यायालय झालं, आणि २१ नोव्हेंबर २०१२ला येरवड्यात फाशी झाली. २६ नोव्हेंबर हा संविधान दिनही आहे. मोठी मुलं आहेत, त्यांना हा धागा कळतो. मला वाटतं, ते यावर प्रश्नही चांगले विचारतील.

सीसीटीव्हीचं चित्रीकरण, रक्ताचे फोटो काही दाखवू नका. तुमची दुपार मात्र सांगा. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, कॉलिंग कार्डावरचा लांबच लांब नंबर दाबत बसावं लागायचं आणि शेवटी "सर्व लाइन्स व्यस्त आहेत". आजीने काय म्हटलं तेही सांगा, तिच्याच शब्दांत. लेकीच्या प्रश्नाला "हो, मी तिथे नव्हते" हेच उत्तर द्या आणि पुढे सांगायला लागा. आजी त्या रात्री अंधारात बसली होती, हे तिला माहीत आहे का? नसेल तर वर्गाआधी घरात सांगा, चारचौघांत तिला पहिल्यांदा ऐकू देऊ नका.

मला असंही वाटतं की तुमच्या नोव्हेंबरातल्या कासाविशीत २६/११ जेवढं आहे तेवढीच आईही आहे. ती कुजबुजली त्या दिवशी तुम्ही तिला पहिल्यांदा गमावायच्या बेतात होता. दोन दुःखं एकात मिसळली म्हणून त्यातलं कुठलंही खोटं ठरत नाही. पण ओळखून घ्या. २६ तारखेला आईसाठी काही करावंसं वाटलं, तिच्या आवडीचा पदार्थ, तिच्या बहिणीला फोन, तर तेही करा.

थँक्सगिव्हिंगचं जेवण बंद करू नका. तो सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो, कधी २६च्या आधी, कधी नंतर, २०२०मध्ये तर नेमका २६लाच आला होता. तुमच्या मुलीचा तो घरचा सण आहे, त्यात आईचा चेहरा उतरलेला असावा असं तिने का सोसावं? मुंबईत हल्ला सुरू झाला ती वेळ तुमच्याकडची सकाळची अकराची. २६ तारखेला त्या वेळेला थोडं थांबा, मनात येईल ते येऊ द्या, आणि मग स्वयंपाकाला लागा. हाताला काम हवंच असेल तर रक्तदान करा. त्या रात्री जे. जे. रुग्णालयात लोक आपणहून रक्त द्यायला आले होते. फक्त नुकत्याच भारतातून परतला असाल तर मलेरियाच्या कारणाने तिकडे काही महिने रक्त घेत नाहीत, आधी चौकशी करून जा.

शाळेला होकार कळवताना तारीख थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या रविवारची मागा. सुट्टीच्या रविवारी निम्मा वर्ग बाहेरगावी असतो. आणि मैत्रिणीला फोन त्याच्याही आधी करा. तिने जे सांगितलं त्यातलं काही मुलांना सांगावंसं वाटलं, तर तिला विचारून सांगा.